‘शुगर? छे बाई, मला कुठली!’

‘घरात कुणाला बीपी, शुगर काही आहे का?’ हा प्रश्न गेल्या काही वर्षांत आपल्या उंबऱ्यावर इतक्यांदा विचारला गेला आहे, की आपण तो आता नीट ऐकतही नाही. पदराला हात पुसत, दारात उभ्या उभ्याच आपण ‘नाही हो, तसलं काही नाही’ म्हणतो. आशाताई फॉर्मवर खूण करते आणि पुढच्या घराची कडी वाजवते. आत गॅसवर दूध असतं, तिला अजून पन्नास घरं करायची असतात. दोघींचीही सुटका होते.

पण मैत्रिणींनो, त्या खुणेचं पुढे काय होतं याचा कधी विचार केलाय? ती खूण वॉर्डातून महापालिकेत जाते, तिथून जिल्ह्याला, मग मुंबईला, दिल्लीला. तिथे अशा लाखो खुणांची बेरीज होते, तिचे टक्के काढले जातात. सरकारी दवाखान्यात मधुमेहाच्या गोळ्या किती लागतील, साखर तपासायच्या पट्ट्या किती मागवायच्या, डोळे आणि किडनी तपासायची सोय कुठे करायची, हे ठरवताना अशाच आकड्यांचा आधार घेतला जातो. म्हणजे आपण दूध उतू जाऊ नये म्हणून घाईत दिलेलं उत्तर फार लांबवर पोचतं. आणि माझं स्पष्ट मत असं, की आपल्या बायकांचं हे ‘नाही’ पुष्कळदा ‘नाही’ नसतंच. ते ‘ठाऊक नाही’ असतं. फॉर्मवर मात्र दोघांची खूण एकाच चौकटीत पडते.

मी काही डॉक्टर नाही. बी. ए. झालेली, घरसंसार सांभाळून बचत गटाचं आणि पेठेतलं थोडंफार काम करणारी बाई आहे. पण मंगळवार पेठेतल्या बोळाबोळांतून हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मागून मी हिंडले आहे. २०२० साली कोरोनाच्या पहिल्या लाटेत १५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यभर सुरू झाली, ती तुम्हाला आठवत असेल. घरोघरी पथकं गेली होती. आमच्या भागात ओळखीची बाई बरोबर असली की दारं लवकर उघडतात, म्हणून मी पथकाबरोबर जात असे. कपाळासमोर ते पिस्तुलासारखं यंत्र धरून ताप बघायचा, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायचा आणि मग विचारायचं, घरात कुणाला मधुमेह, हृदयविकार, किडनीचा आजार वगैरे आहे का? कारण ज्यांना हे जुने आजार, त्यांना कोरोना जड जात होता.

आता गंमत बघा. ताप यंत्राने मोजला, ऑक्सिजन यंत्राने मोजला, साखर मात्र तोंडाने मोजली! त्या धावपळीत, मास्क घालून, दारोदार रक्त काढणं शक्य नव्हतं हे मलाही कळतं. तक्रार त्याबद्दल नाही. पण तेव्हा जी उत्तरं ऐकली, ती अजून कानात आहेत.

एका आजींना विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘मला न्हाई शुगर. गोळी चालू हाय न्हवं!’’ त्यांच्या दृष्टीने हे अगदी बरोबर. गोळी चालू आहे, रिपोर्ट चांगला येतो, मग शुगर राहिली कुठे? दुसरीकडे एक वहिनी म्हणाल्या, ‘‘बॉर्डरवर हाय ओ, अजून झाली न्हाई.’’ या बॉर्डरवर त्या किती वर्षं होत्या म्हणता? सहा! सैनिकालासुद्धा एवढी वर्षं एका चौकीवर ठेवत नाहीत. तिसऱ्या घरात वहिनी आत भाकरी थापत होत्या आणि बाहेर कट्ट्यावरून मालकच बोलले, ‘‘तिला काय धाड भरलीया? लिवा, कुणाला काय न्हाई.’’ आणि एका घरात विशी-बाविशीची मुलगी काही बोलायला तोंड उघडते न उघडते तोच तिच्या आईने ‘‘न्हाई, न्हाई, आमच्यात कुणालाच न्हाई’’ म्हणून दार लोटलं. त्यांच्याकडे तेव्हा बघाबघीचा कार्यक्रम सुरू होता, हे अख्ख्या बोळाला माहीत होतं. शिवाय त्या काळात आणखी एक भीती होतीच, की आजार सांगितला तर उचलून सेंटरला नेतील. चार घरं, चार उत्तरं, आणि चारही ठिकाणी फॉर्मवर ‘नाही’.

यातलं कुणी खोटं बोलत होतं असं मी म्हणणार नाही. लग्नाच्या मुलीची आई सोडली, तर बाकी सगळे आपापल्या परीने खरंच सांगत होते. म्हणून तर हा प्रश्न अवघड आहे. आपल्याकडे म्हणतात ना, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जिला कधी कुणी तपासलंच नाही, ती सांगणार काय?

आणि हे फक्त आमच्या पेठेचं नाही. देशभरची मोजणी याच मार्गाने चालत आली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण नावाची मोठी पाहणी १९९२-९३ पासून होते. तिचं काम आपल्या मुंबईतल्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांना मधुमेह आहे का हे तोंडी विचारलं. ‘हो’ म्हणणाऱ्या शंभरात एकसुद्धा भरली नाही. मग २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत पहिल्यांदा बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजली. तेव्हा त्याच वयाच्या शंभरातल्या जवळपास सहाजणींची साखर १४० च्या वर निघाली. दहा वर्षांत आजार वाढला हे खरं, आणि अवेळी मोजलेली १४० च्या वरची साखर म्हणजे लगेच मधुमेह नव्हे, हेही खरं. तरी एवढी तफावत काही नुसत्या वाढीने पडत नाही. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ वर्षांवरच्या सगळ्यांनाच मोजणीत धरलं. साखर चढलेल्या आणि औषध चालू असलेल्या अशा मिळून शंभरात साडेतेराजणी भरल्या.

याच संस्थेने ४५ वर्षांवरच्या लोकांची एक वेगळी पाहणी केली, २०१७ ते २०१९ च्या दरम्यान. तिच्यात ‘डॉक्टरांनी तुम्हाला कधी मधुमेह सांगितलाय का’ असं विचारलंही आणि रक्ताचा वाळवलेला थेंब कागदावर घेऊन प्रयोगशाळेत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणीही केली. तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आले. ४५ च्या पुढच्या दर पाचांत एकाला मधुमेह, आणि ज्यांना तो आहे त्या दर पाचांतल्या दोघांना त्याचा पत्ताच नाही. आता हा हिशेब आपण भाजीच्या हिशेबासारखा करू. शंभरजणी घेतल्या, त्यांतल्या वीसजणींना मधुमेह. त्यांतल्या आठजणींना माहीत नाही. नुसतं तोंडी विचारून परत गेलं तर वहीत बारा येणार आणि आठ घरातच राहणार. त्या आठजणींसाठी गोळ्या मागवायला कुणी जाणार नाही, कारण कागदावर त्या धडधाकट आहेत.

२०१७-१८ मध्ये झालेल्या आणखी एका राष्ट्रीय पाहणीत तर १८ ते ६९ वयाच्या ज्या लोकांना मधुमेह निघाला, त्यांतल्या निम्म्याहून कमी जणांना तो आधी माहीत होता. आणि ज्यांची साखर आटोक्यात होती, असे शंभरात सोळासुद्धा नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनबरोबर २००८ पासून २०२० पर्यंत राज्याराज्यांत लाखाहून जास्त लोकांना तपासून जी पाहणी पूर्ण केली, तिने देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये दिला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख वेगळे. महाराष्ट्र त्या पाहणीच्या पहिल्याच टप्प्यात होता आणि तेव्हाच आपल्याकडे वीस वर्षांवरच्या शंभरात आठांहून जास्त लोकांना मधुमेह निघाला होता. आमच्या त्या ‘बॉर्डरवरच्या’ वहिनी यांतल्या कुठल्या आकड्यात बसतात, ते त्यांनाच ठाऊक. खरं तर त्यांनाही ठाऊक नाही.

तुम्ही म्हणाल, मग बायकांना विचारण्यात अर्थच नाही का? तसं नाही. अमेरिकेत १९७६ पासून नर्सबायकांची एक फार मोठी पाहणी चालू आहे, सव्वा लाखाच्या आसपास नर्स. त्यांना टपालाने फॉर्म पाठवायचे आणि त्यांनी आजार लिहून कळवायचे. ज्यांनी ‘मला मधुमेह आहे’ असं लिहिलं, त्यांतल्या काहींचे कागद डॉक्टरांनी तपासून पाहिले, तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा ते खरं निघालं. म्हणजे ‘आहे’ म्हणणारी बाई सहसा चुकत नाही. गोची आहे ती ‘नाही’ म्हणणारीची. अमेरिकेतल्याच मिनेसोटात अशी पडताळणी केली, तेव्हा दवाखान्याच्या कागदावर मधुमेह असलेल्या शंभरांतल्या सहासष्ट लोकांनीच फॉर्मवर ‘आहे’ लिहिलं होतं. तिथे दवाखान्यात फाईल असूनही ही गत. आपल्याकडे तर फाईल म्हणजे कॅरीबॅगेत कोंबलेले चुरगळलेले कागद, तेही दसऱ्याच्या साफसफाईत रद्दीत जातात.

इथे अमर्त्य सेन यांनी दाखवलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आजारी आहात का, असं नुसतं विचारलं तर केरळमधले लोक बिहारमधल्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त आजार सांगतात. वास्तविक केरळची माणसं जास्त जगतात, तिथे बालमृत्यू कमी. मग जास्त आजारी कसे? कारण तिथे शिक्षण आहे, दवाखाना जवळ आहे, आजार म्हणजे काय हे माणसाला कळतं आणि त्यासाठी दाद मागता येते हेही कळतं. जिथे दवाखानाच लांब, तिथे दुखणं म्हणजे नशीब. २००२ मध्ये त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं. मी ते वाचलं तेव्हा मला बिहार नाही आठवला, आपल्या घरातल्या बायका आठवल्या. एकाच घरात एक केरळ असतं आणि एक बिहार! पुरुषाच्या पायाला मुंग्या आल्या की दुसऱ्या दिवशी लॅब. बाईच्या पायाला मुंग्या आल्या की ‘दिवसभर उभी असते ना, म्हणून’. सारखी तहान लागते, तर उन्हाळा आहे. रात्री चारदा लघवीला उठावं लागतं, तर वय झालं. अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, पुन्हा पुन्हा मलम लावलं तरी जात नाही, तर ते सांगायचंच नाही. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम लिहिते आहे, कारण वाढलेल्या साखरेचं हे एक नेहमीचं लक्षण आहे आणि दारात उभ्या असलेल्या कुणालाही बाई ते सांगणार नाही. दारात कशाला, सख्ख्या नणंदेलाही सांगणार नाही.

आता सगळ्यांच्या वतीने एकाने सांगण्याचा प्रकार बघा. आजारपण आणि दवाखान्याच्या खर्चाच्या ज्या राष्ट्रीय नमुना पाहण्या होतात, त्यांत घरातल्या एका माणसाने बाकीच्यांची माहिती दिली तरी ती चालते. सोय म्हणून ठीक आहे. पण नवऱ्याची गोळी सकाळची का संध्याकाळची, जेवणाआधीची का नंतरची, सासऱ्यांचं बीपी कोणत्या तारखेला किती होतं, हे घरातली बाई झोपेतून उठवलं तरी सांगते. बाईला काय होतं हे नवऱ्याला विचारा बरं! ‘तिचं ना, ते नेहमीचं, डोकं-बिकं दुखतं.’ एवढंच. एकाच घराच्या माहितीत पुरुषांची नोंद पक्की आणि बाईची कच्ची राहण्याचं कारण हे आहे. आणि सून असेल तर विचारूच नका. सासूबाईंच्या समोर ती ‘मला शुगर आहे’ म्हणेल? पहिल्याच वाक्याला ‘माहेरूनच घेऊन आलीस’ हे ठरलेलं. माझ्या माहितीतल्या एका मुलीला बाळंतपणात साखर वाढली होती. बाळ सुखरूप झालं, डॉक्टरांनी सांगितलं की दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि पुढेही अधूनमधून बघत राहा. कारण गरोदरपणात जिची साखर वाढते, तिला पुढे मधुमेह होण्याची शक्यता बरीच जास्त असते. घरात तो विषय बारशाच्या आधीच मिटला. आज तिला कुणी विचारलं तर ती ‘नाही’ म्हणते, आणि तिला विचारलेला प्रश्नही ‘आता आहे का’ एवढाच असतो. ‘कधी होती का’ असं विचारलं, तर कदाचित ती सांगेलही.

प्रश्नातले शब्द असे महत्त्वाचे असतात. फॉर्मवर छापलेलं असतं ‘मधुमेह’. आमच्याकडे मधुमेह कुणालाच नसतो. आमच्याकडे ‘शुगर’ असते, ‘साखर’ असते, ‘गोड लघवी’ असते, आणि पथ्यावर भागत असेल तर ‘थोडीशी’ असते. ‘मधुमेह आहे का’ला ‘नाही’ म्हणणारी बाई ‘साखरेची गोळी खाता का’ म्हटलं की ‘हो, अर्धी’ म्हणते! त्यामुळे मला विचाराल तर आजाराचं नाव विचारण्याआधी ‘गोळ्यांचा डबा दाखवता का, काकू’ असं म्हणावं. गोळीच्या पाकिटाला लाजही नसते आणि विसरही पडत नाही. पथकाबरोबर फिरताना एका अनुभवी आशाताईचं हे तंत्र मी बघितलं होतं. ती दारातून प्रश्न विचारायचीच नाही. पाणी मागायची, आत येऊन बसायची, आणि टीव्हीवर किंवा फ्रिजवर ठेवलेल्या औषधांकडे तिचं आधी लक्ष जायचं. तिच्या फॉर्मवर इतरांपेक्षा जास्त ‘हो’ असायचे, यात मला काही नवल वाटत नाही. पण असं करायला एका घराला पंधरा मिनिटं लागतात आणि तिला मिळणारा मोबदला कसा नि किती, हे आपण जाणतोच.

बरं, तोंडी उत्तरावर विश्वास नको म्हणून सगळा भरवसा यंत्रावर टाकावा, तर तिथेही गाडी अडते. शिबिरात लोक नाश्ता करून येतात, कुणी चहा-बिस्किट खाऊन येतं, बोटाला गुळाचा नाहीतर फळाचा चिकटपणा असतो. त्या एका थेंबावरून ‘तुम्हाला शुगर’ असं सांगून कुणी पाठवलं, तर ती बाई आयुष्यभर भात सोडते आणि उलट तब्येत बिघडवून घेते. मधुमेह ठरवायचा तर उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त, ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची २०० किंवा जास्त, नाहीतर ती तीन महिन्यांची तपासणी साडेसहा किंवा जास्त, आणि लक्षणं नसतील तर पुन्हा एकदा तपासून खात्री, अशी रीत आहे. त्यातही एक खोच आहे आणि ती आपल्या बायकांचीच. अंगात लोह कमी असेल तर ती तीन महिन्यांची तपासणी जरा चढी येऊ शकते. आणि महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, असं पाचवं सर्वेक्षण सांगतं. म्हणजे रक्त कमी आहे म्हणून साखर जास्त दिसायची! तेव्हा तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवताना हिमोग्लोबिनचा कागदही बरोबर न्यावा, हे उत्तम.

आणखी दोन गैरसमज मोजणीच्या मुळावर येतात. एक म्हणजे, शुगर जाड्यांना होते. ‘मी एवढी वाळकी, मला कुठली शुगर!’ पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांच्यावर १९९० च्या दशकापासून जे काम केलं, त्यातून जगाला कळलं की आपली मुलं जन्मतः वजनाने लहान असली तरी त्यांच्या अंगात चरबीचा वाटा जास्त असतो. दिसायला बारीक, आतून मात्र नाही. तेव्हा साडी सैल होते म्हणून खुश असणाऱ्या आपल्या बारीक मैत्रिणीही यातून सुटत नाहीत. उलट काही न करता साडी सैल होत असेल, तर आधी साखर बघावी. दुसरा गैरसमज आपला खास कोल्हापूरचा. ‘आम्ही साखर खातच न्हाई, गुळाचा चहा पितो.’ कोल्हापुरी गुळाचा अभिमान मलाही आहे. पण रक्तात गेल्यावर गूळ आपली जात विसरतो आणि साखरेसारखाच वागतो. गुळाच्या चहावर असलेली बाई स्वतःला पथ्यावर समजते, आणि पथ्यावर आहे म्हणून तपासणी करत नाही, आणि तपासणी नाही म्हणून सर्व्हेत ‘नाही’!

सरकारचं काहीच चालत नाही असं मी म्हणत नाही. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा आशाताईने एक फॉर्म भरायचा असतो. त्यात नुसतं ‘आजार आहे का’ नाही, तर वय किती, तंबाखू खाता का, आईवडिलांना-भावंडांना शुगर-बीपी आहे का, आठवड्यात किती चालता, आणि टेप लावून कंबर किती, असे गुण देतात. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की एक गुण, ९० च्या वर गेली की दोन. एकूण चारापेक्षा जास्त गुण झाले तर आधी तपासणीला पाठवायचं. मला हा फॉर्म फार शहाणपणाचा वाटतो. कारण तो बाईच्या माहितीवर अवलंबून राहत नाही, तिच्या कंबरेला विचारतो. २०२२ च्या नवरात्रात, २६ सप्टेंबरपासून ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे अभियान राज्यात झालं. अठरा वर्षांवरच्या बायकांची तपासणी त्यात होती. ज्या गेल्या त्यांचं भलं झालं. ज्या गेल्या नाहीत, त्यांना नऊ दिवसांचा उपवास होता, घट होते, पाहुणे होते. तपासणीसाठी नवरात्र का निवडलं, हे समजायला सोपं आहे. पण नवरात्रात बाई घराबाहेर पडते ती अंबाबाईच्या रांगेत उभी राहायला, दवाखान्याच्या नव्हे.

माझी मागणी अगदी छोटी आहे, खर्चाची नाही. प्रत्येक फॉर्मवर ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन चौकटींशेजारी तिसरी चौकट छापा: ‘कधी तपासलेलं नाही’. आणि ती ठळक छापा. उत्तर देणाऱ्या बाईला ती चौकट बघूनच कळेल की आपण कुठल्या खणात आहोत. आणि वर बसून बेरीज करणाऱ्यांनाही कळेल की जिल्ह्यातल्या एवढ्या बायका निरोगी नाहीत, एवढ्या बायका फक्त न तपासलेल्या आहेत. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज तो फरक एका ‘नाही’खाली गाडला जातो. शिवाय एक पथ्य पथकाने पाळावं, बाईची माहिती बाईलाच विचारावी, शक्यतो सासूबाई आणि मालक यांच्यापासून दोन पावलं बाजूला घेऊन. आणि रक्त घेतलंत, तर आकडा तिच्या हातात कागदावर लिहून द्या. ‘थोडी आहे, दाखवून घ्या’ असं तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत ‘काही नाही म्हणाले’ असं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

यावर आमच्या गटात वाद झाला. एकजण म्हणाली, ‘‘तिसरी चौकट ठेवली की सगळ्या तीच भरतील, सर्व्हेच वाया जाईल.’’ मी म्हटलं, भरू देत की! तेच तर कळायला पाहिजे. दुसरीचं म्हणणं जास्त खरं होतं. ती म्हणाली, ‘‘ताई, तपासून कळलं तर पुढं काय? म्हैन्याच्या गोळ्या कोण आणणार? त्यापरीस न कळलेलं बरं.’’ तिचा नवरा हमाली करतो. तिला ‘आरोग्य हीच संपत्ती’ असलं काही सांगायची माझी तरी जीभ रेटली नाही. सरकारी दवाखान्यात मधुमेहाच्या साध्या गोळ्या मिळतात, पण त्या कधी असतात, कधी नसतात. त्या नसतात तेव्हा त्याचं एक कारण हेही असतं की मागणी कमी नोंदलेली असते, आणि मागणी कमी नोंदलेली असते कारण तुम्ही-आम्ही दारात ‘नाही’ म्हणालो. हे चक्र मी तिला वहीवर काढून दाखवलं. तिला ते पटलं की नाही ठाऊक नाही. पण तिने ती वही बराच वेळ हातात धरली होती.

तर सध्या आम्ही गटाच्या हप्त्याच्या वहीत मागच्या पानावर प्रत्येकीच्या नावापुढे तीन रकाने आखले आहेत: आहे, नाही, तपासलेलं नाही. ‘नाही’मध्ये लिहायचं तर शेजारी तपासणीची तारीख लिहायची, तारीख नसेल तर आपोआप तिसरा रकाना. तारीख म्हटल्यावर बऱ्याच जणींची खूण दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकली. दोघी-तिघींनी बाळंतपणातली तारीख सांगितली. त्यांची मुलं आता कॉलेजात आहेत. पुढच्या महिन्याची बैठक दुपारी तीनऐवजी सकाळी साडेसातला घ्यायची ठरली आहे, सगळ्यांनी उपाशी यायचं, तिथूनच दवाखान्यात जायचं. चहा आणि पोहे नंतर. चहात गूळ घालायचा की साखर, यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही.